जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार

नागपुरांत सीताबर्डीच्या बाजारांत संगणकाच्या सुट्या भागांचें दुकान असावें, आणि त्या दुकानापुढें एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी खिशांतले पैसे दोनदां मोजीत उभा असावा, हें दृश्य आतां कोणालाहि अपरिचित राहिलेलें नाहीं. घरीं दहा-बारा वर्षांपूर्वींचा संगणक आहे. त्यावरच त्याचा अभ्यास चालतो, धाकट्या बहिणीचे अर्ज भरले जातात आणि वडिलांचा हिशेबहि राहतो. परंतु मित्रमंडळी खेळतात तो नवा खेळ त्यावर पावलोपावलीं अडखळतो. थैली आहे दहा हजारांची. दुकानदार ग्राफिक्स कार्डाचा चकचकीत डबा पुढें करतो. पण हे दहा हजार सत्कारणीं लागतील कीं नाहीं, तें त्या डब्यावर छापलेलें नसतें. तें घरच्या यंत्रालाच विचारावें लागतें.

संगणकावरील खेळ म्हणजे भराभर पालटणाऱ्या चित्रांची मालिका. हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून सेकंदाला ६० चित्रें उमटवावयाचीं, तर एका चित्राच्या वांट्याला अवघे १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधींत कोण कोठें सरकला याचा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्ड करतें. लागणारें साहित्य हाताशीं ठेवण्याचें काम रॅमचें, आणि तें कोठारांतून काढून देण्याचें काम डिस्कचें. दिंडीची चाल जशी सर्वांत मागें पडणाऱ्या वारकऱ्यावरून ठरते, तशी यंत्राची गति त्याच्या सर्वांत मंद भागावरून ठरते. जो भाग आधींच हात बांधून बसला आहे, त्याच्या जागीं अधिक समर्थ भाग आणला, तर तोहि हात बांधूनच बसेल.

मंद भाग कोणता, हें ओळखण्यास पैसा लागत नाहीं. खेळ चालू असतां विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून पाहावा. ग्राफिक्स कार्डाचा भार शंभर टक्क्यांपाशीं असेल, तर अडचण कार्डाची. कार्ड निम्म्या भारावर रेंगाळत असून चित्रें कमी पडत असतील, तर बहुधा प्रोसेसर मागें पडला आहे. रॅम कांठोकांठ भरून डिस्क सतत धडपडत असेल, तर दोष कोठाराचा. दुसरी कसोटी याहून सोपी आहे. चित्राचें रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर उतरवावें. चित्रांची संख्या लगेच वाढली, तर कार्ड थकलें होतें. कांहींच फरक पडला नाहीं, तर नव्या कार्डानेंहि तो फारसा पडणार नाहीं.

नागपुरास याखेरीज आणखी एक कसोटी निसर्गानेंच लावून दिली आहे. मे महिन्यांत येथील पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधीं त्याहि पुढें जातो; नवतप्याच्या दिवसांत खोलींतील हवाहि तापलेलीच असते. पंख्यानें निवणारा प्रोसेसर भोंवतालच्या हवेहून थंड होऊं शकत नाहीं. हिंवाळ्यांत ७० अंशांवर चालणारें यंत्र उन्हाळ्यांत सहज ९० च्या घरांत जातें, आणि शंभराच्या सुमारास पुष्कळसे प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपली गति आपणच कमी करतात. खेळणाऱ्यास वाटतें, यंत्र म्हातारें झालें. वस्तुतः तें गुदमरलेलें असतें. पंख्यांत सांचलेली धूळ ब्रशनें काढावी, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, आणि कॅबिनेट भिंतीपासून हातभर दूर ठेवावें. कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारा झोत मात्र थेट त्यावर सोडूं नये. ओलाव्यानें धूळ चिकटून बसते व धातूला गंज चढूं लागतो. हें सारें थोडक्या रुपयांत होतें, आणि कित्येकदां एवढ्यावरच काम भागतें.

त्यानंतरचा पहिला खर्च डिस्कवर करावा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क विखुरलेली माहिती सेकंदाला सुमारें शंभर-दीडशें वेळांच वेंचून आणूं शकते. साधी सॅटा एसएसडी तेंच काम हजारों वेळां करते. 'सायबरपंक २०७७' या खेळाच्या किमान गरजांत २०२३ सालीं हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी आली, आणि त्याच वर्षींच्या 'स्टारफील्ड'नेंहि तीच अट घातली. शिवाय या खर्चाचा लाभ बहिणीच्या अर्जांना आणि वडिलांच्या हिशेबालाहि मिळतो. रॅम ८ गिगाबाइट असेल तर ती १६ करावी, आणि ती शक्यतों दोन सारख्या पट्ट्यांत असावी. कारण दोन पट्ट्या असल्यास प्रोसेसरला दोन वाटांनीं साहित्य मिळतें. मात्र डीडीआर-३, डीडीआर-४ व डीडीआर-५ यांच्या खांचा वेगवेगळ्या आहेत. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढून रॅमचे भाव झपाट्यानें चढले, तेव्हां घरांतल्या जुन्या पट्टीचें मोल पुष्कळांस कळून आलें.

कार्ड घ्यावयाचें ठरलें, तर आधीं पॉवर सप्लाय पाहावा. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डाला ७५ वॉटपर्यंतच वीज मिळते. २०१६ चें जीटीएक्स १०५० टीआय किंवा २०१९ चें जीटीएक्स १६५० यांचे पुष्कळ नमुने तेवढ्यावर चालतात. म्हणून कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या संगणकांना तीं सोयीचीं पडतात. २०१७ च्या आरएक्स ५८० ला मात्र १८५ वॉट लागतात व वेगळी तारहि जोडावी लागते. स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या पॉवर सप्लायवर छापलेला आंकडा आणि त्याची खरी ताकद यांत पुष्कळदां अंतर असतें. आणि तो जळतांना शेजाऱ्यांनाहि घेऊन जातो. वापरलेल्या कार्डांचा इतिहासहि ध्यानांत ठेवावा. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या चलनाचें कार्डांवरील खाणकाम बंद झालें आणि रात्रंदिवस राबलेलीं कार्डें बाजारांत आलीं. तीं सर्वच निकामी होतीं असें नव्हे; पण अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.

प्रोसेसरचा विचार शेवटीं करावा, कारण त्याबरोबर बहुधा मदरबोर्ड आणि रॅमहि बदलावी लागते. याला एक सुखद अपवाद आहे. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर २०१७ मध्यें पहिले रायझेन बसले. त्याच जातीच्या अनेक जुन्या मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत् केल्यास २०२२ चा रायझेन ५८००एक्स३डी देखील बसतो. इंटेलच्या बाबतींत एक सॉकेट बहुधा दोन पिढ्यांपुरतेंच टिकत आलें आहे.

कांहीं दारें मात्र जुन्या यंत्राला उघडतच नाहींत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची सामान्यतः आठवी किंवा त्यापुढची पिढी व टीपीएम २.० लागतें. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट'सारखा हलका खेळहि टीपीएम आणि सिक्युअर बूट यांवांचून चालत नाहीं. २०२५ च्या 'डूम : द डार्क एजिस'ला तर किरणांचा माग काढणारें कार्डच हवें. येथें शक्ति कमी पडत नाहीं, किल्लीच नसते. अशा वेळीं मोहानें थोडें थोडें खर्चूं नये; पैसे राखून ठेवावे आणि २०१५ च्या आसपासच्या उत्तमोत्तम खेळांकडे वळावें. जे नवे खेळ चालतात, त्यांच्यासाठीं एएमडीनें २०२१ मध्यें आणलेलें एफएसआर हें तंत्र आहे. लहान चित्र काढून मोठें करण्याची त्याची युक्ति पुष्कळ जुन्या कार्डांनाहि साधते.

पाया शाबूत असेल त्या देवळाचाच जीर्णोद्धार शोभतो. सीताबर्डीच्या त्या विद्यार्थ्यानें त्या दिवशीं कार्डाचा डबा परत करावा, थर्मल पेस्टची एक नळी घेऊन घरीं जावें आणि आधीं यंत्राची धूळ झाडावी. दुकान उद्यांहि उघडें असतें.