पाकिटावरील अक्षरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आपल्या मालाच्या पाकिटांविषयी दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा मी आढेवेढे घेतले. भाजणी, मेतकूट नि सांडगे करणाऱ्या बायकांचा हा प्रांत नव्हे, असे मला वाटले. परंतु गेल्या महिन्यातील प्रसंग मनातून जात नाही. भाजणीच्या नव्या पाकिटाचा नमुना छापखान्यातून आला. कागद गुळगुळीत, रंग झकास; नाव मात्र केवळ इंग्रजीत! १५ वर्षे जी बाई आपली भाजणी भाजते, तिने ते पाकीट उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "ही आपलीच का हो?"

भगिनींनो, ज्या हातांनी माल केला, त्यांनाच तो ओळखू येऊ नये, हे मला फार लागले.

आपल्या तरुण सभासदांचे म्हणणे असे की, मोठ्या दुकानांतून इंग्रजी नाव लागते. ते खोटे नाही. पण दोन्ही लिप्या सुखाने नांदू शकतात. आपल्या रुपयाचे चिन्हच पाहा. केंद्र सरकारने २००९ साली त्यासाठी स्पर्धा ठेवली. ३,००० हून अधिक नमुने आले. त्यांतून डी. उदयकुमार यांची आकृती १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने मान्य केली. त्या आकृतीत देवनागरी 'र' आहे आणि उभा दंड काढलेला रोमन 'आर'ही आहे. वर आपली शिरोरेषा आहे. पुढच्याच वर्षी ते चिन्ह नाण्यांवर आले. दोन कोटी मागणारा आणि दोन रुपये मोजणारा, दोघांनाही ते कळते.

मराठी अक्षराला रूप नाही, असे तर कोणी म्हणूच नये. कै. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली, की जाहिरात पाहताच नाटकाची प्रकृती कळावी. २०२० साली ते गेले. त्यांची अक्षरे डोळ्यांपुढे आहेत. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून सुलेखनाला नवे वळण दिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि छापखानदार "मराठी टाइप मिळत नाही" असे म्हणू लागला, तर त्याला 'मुक्ता' आणि 'बालू' ही नावे सांगा. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी घडविलेले हे टाइप कोणालाही फुकट वापरता येतात.

आता थोडे व्यवहाराचे. मराठीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार येतो. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ बसविल्या, तर एका ओळीचा उकार दुसरीच्या मात्रेवर आदळतो. म्हणून ओळींत मोकळी जागा मागून घ्यावी. बारीक अक्षर जाड ठशात छापू नये. 'ध' आणि 'घ' यांची पोटे शाईने भरतात आणि दोन्ही सारखीच दिसू लागतात. नमुना एकदा एकाच रंगात छापून पाहावा आणि दुकानातील मंद उजेडात हातभर अंतरावर धरावा. वाचता आला, तरच पसंत करावा.

आणखी एक सांगते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. त्यातूनच 'लिज्जत' उभे राहिले. त्या नावाला किंमत आली ती घरोघरच्या पोळपाटांवरून एकाच चवीचा पापड उतरत गेला म्हणून. बोधचिन्ह म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. भाजणी करपली, तर उत्तम चिन्हाने गिऱ्हाईक फार तर एकदा फसेल, आणि तेच चिन्ह पाहून पुढच्या वेळी टाळील.

तेव्हा येत्या सभेपुढे माझी सूचना अशी : नाव आधी मराठीत, ठळक, त्याखाली लहान अक्षरांत इंग्रजी. पहिल्या नमुन्याचे पैसे गेले, हे खरे. पण हजार पाकिटे छापून होण्यापूर्वीच चूक ध्यानात आली, हे थोडे नव्हे. आणि नवा नमुना आला, की तो प्रथम त्या भाजणीवाल्या बाईंच्या हाती द्यावा. त्यांनी वाचून मान डोलावली, म्हणजे छपाईस पाठवावा.