‘मानस’खालची लाल रेघ



‘परिसर आणि भाषा’ असा विषय मला दिला आहे. यावर सैद्धांतिक पुष्कळ बोलता येईल. गेली सव्वीस वर्षे वर्गात मी तेच करीत आले. आज मात्र एका होडीतल्या तीन तासांबद्दल बोलणार आहे. त्याआधी एक कबुली द्यायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचे नीट लागणार नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या मुलांना ‘माझे गाव’ या विषयावर दोन पाने लिहायला सांगितली होती. तिसवाडीतल्या एका बेटावरून येणारा एक मुलगा त्या वर्गात होता. मागच्या बाकावर बसायचा, फेरीबोट चुकली की उशिरा यायचा. त्याने लिहिले होते, ‘आमची मानस फुटली आणि त्यानंतर शेत झाले नाही.’ मी ‘मानस’खाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘मानस पुल्लिंगी. मानस फुटत नाही. अर्थ काय?’ एक गुण कापला. मुलाने वही घेतली, समास वाचला, काही बोलला नाही.

इथे तिसवाडी, सासष्टीचे जे कुणी बसले आहेत ते आताच हसले. हसा. माझे बालपण सांग्याकडच्या कुळागरात गेले. पाट, व्हाळ, माडा-पोफळीच्या मुळाशी वळवलेले पाणी, हे माझे पाणी. ते गोडे. खाऱ्या पाण्याशी माझा संबंध मासळीपुरता. पुढे मी निसर्गकवितेवर प्रबंध लिहिला, डॉक्टरेट मिळाली, आणि जे माझ्या शब्दकोशात नाही ते चुकीचे, असे मानण्याचा अधिकारही त्याबरोबर आपोआप मिळाला असावा.

दोन वर्षांपूर्वी वनस्पतिशास्त्र विभागातल्या मैत्रिणीने विद्यार्थ्यांना चोडणला नेले, मलाही सोबत ओढले. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेले की बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. 1988 साली घोषित झालेले, क्षेत्र जेमतेम 1.78 चौरस किलोमीटर. त्याच्या आतल्या अरुंद खाड्यांतून जायचे तर लहान होडीच हवी. आमचा होडीवाला पासष्टीच्या घरातला. पाण्याची वेळ त्याने घड्याळ न बघता सांगितली. पौर्णिमेला दोन दिवस होते, म्हणजे भरती दहाच्या सुमारास पूर्ण होणार. तिथी कळली की त्याला पाणी कळते. उधाण कधी, भांग कधी, सुकती कधी लागेल, सगळे त्या हिशोबात. होडीत पाय ठेवताच त्याने पहिली सूचना दिली, “बाई, हात उदकांत घालूं नाकात.” मगरींचे पाणी आहे. मगर खरी गोड्या पाण्यातली, पण आमच्या मांडवी-कुंभारजुव्याच्या मचूळ पाण्यात ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे.

आत शिरलो आणि नदीचा आवाज मागे राहिला. दोन्ही बाजूंनी खारफुटी. कांदळाची मुळे कमानीसारखी पाण्यात उतरलेली, तिवराची मुळे चिखलातून बोटे वर काढल्यासारखी. मैत्रीण मुलांना दाखवत होती की कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब हिरव्या शेंगेसारखे लोंबते आणि चिखलात पडले की तिथेच उभे राहते. होडीवाल्याने तिवराचे एक पान तोडून माझ्या हातात दिले आणि चाटायला सांगितले. चाटले. खारट. झाड नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते. प्रबंधाच्या चारशे पानांत असे एकही पान नव्हते, ही कोटी मी तिथे केली. मुले सौजन्याने हसली.

पुढे एक कालवा लागला. बाकीच्या खाड्या वळणावळणाच्या; हा सरळ, आखल्यासारखा. वर फांद्यांचे छत, खाली हिरवट स्थिर पाणी. एक खंड्या पुढच्या फांदीवरून त्याच्या पुढच्या फांदीवर असा आमच्यापुढे चालला होता. मी वही काढली आणि लिहू लागले. काय लिहिले तेही सांगते, लपवत नाही: ‘मानवी स्पर्श न झालेली आदिम शांतता’.

त्याच क्षणी होडीवाल्याने बांबू खाली टेकवला. ठक्क असा आवाज आला, चिखलावर येतो तसा नाही. पाण्याखाली चिरे होते. दोन्ही काठांना चिऱ्यांचे दोन खांब, अर्धे ढासळलेले, त्यांच्या फटींतून खारफुटी उगवलेली. तो म्हणाला, “ही मानस.”

मी विचारले, “कुणाचा मानस?”

त्याला प्रश्न कळला नाही. त्याने गावातल्या एका वाड्याचे नाव सांगितले. मग बांबूने डावीकडची झाडी दाखवून म्हणाला, हे सगळे शेत होते, मी लहानपणी इथे भात कापले आहे. ज्याला मी आदिम शांतता म्हणत होते तो शेतात पाणी फिरवणारा पोंय होता, माणसांनी खणलेला. मानस फुटली, बांध खचला, खारे पाणी आत राहिले, आणि कोणी परत आले नाही म्हणून तिथे शांत होते.

मला त्या वेळी तो मुलगा आठवला नाही. त्याच्या वहीतले माझे अक्षर आठवले.

इथे थोडे थांबून मानस म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या मराठीच्या वर्गात ते कोणी सांगत नाही. गोव्याच्या जमिनीचे जुने तीन भाग: वरचे मोरड, मधले खेर आणि खाली भरतीच्या पातळीलाही खाली असणारे खाजन. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खाजण म्हणतात ते याच कुळातले. अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन गोवेकरांनी नदीकडून बांध घालून मिळवली. बांध मातीचा, चिऱ्यांचा आधार दिलेला, आणि लाटांचा मार सोसायला बाहेरून खारफुटी राखलेली. या बांधात पाण्याला जे दार ठेवतात ती मानस. तिची लाकडी झडप आपली आपण चालते. भरती चढली की बाहेरच्या पाण्याचा दाब झडप मिटवतो, सुकती लागली की आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यातला पहिला पाऊस शेतातले मीठ धुऊन याच वाटेने नेतो, आणि मग खारेपणा सोसणारे कोरगुट भात पेरले जाते.

होडीवाल्याने आम्हाला थोड्या अंतरावरची एक शाबूत मानसही दाखवली. होडी बांधाला लावून आम्ही तिथे बसून राहिलो. बाहेर पाणी काठोकाठ, आत हातभर खाली. मध्ये दोन बोटे जाडीची फळी. मुले कंटाळली, मोबाईल काढू लागली. पाणी फिरण्याची वाट बघणे ही पाठ्यपुस्तकात न बसणारी गोष्ट आहे. बऱ्याच वेळाने बाहेरचे पाणी आतल्याच्या पातळीवर उतरले, काही क्षण काहीच झाले नाही, मग झडप एकदा थरारली, चौकटीवर आपटली, आणि खालून मातकट पाण्याची जीभ बाहेर आली. होडीवाला उठला. “सुकती लागली जाल्यार परतूंक मेळचें ना.” आम्ही निघालो. परतताना काही ठिकाणी होडी चिखलाला घासत होती आणि मघाशी पाण्याखाली असलेल्या उतारावर शेकडो खेकडे बाहेर आले होते.

मानशी का फुटतात याची उत्तरे मी नंतर शोधत बसले. खाजनांची देखरेख पूर्वी गावकरीकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे होती. 1526 च्या फोरालमध्ये पोर्तुगीजांनी ज्या ग्रामसंस्थांचे रिवाज नोंदवले त्या याच. बांध कोणी बघायचा, फुटला तर कोणी धावायचे, हे ठरलेले असे. 1964 च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कुळांना जमीन मिळाली हे न्यायाचेच झाले. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. पण बांधावर रात्री फिरणारी माणसे हळूहळू कमी झाली. दुसरे कारण अधिक बोचरे आहे. मानशीवरच्या मासेमारीची दरवर्षी पावणी होते. बोली जिंकणाऱ्याला जास्त कोळंबी हवी, म्हणून जास्त खारे पाणी आत हवे. शेतकऱ्याला ते नको. फळी किती वेळ उघडी ठेवायची यावर गावागावांत भांडणे झाली आहेत. कुंभारजुवे कालव्यातून खनिजाच्या बार्जी जात, त्यांच्या लाटांनी बांध खात नेले, हे तिकडचे लोक सांगतात आणि दाखवतातही. एकदा शेत बुडून खारफुटी वाढली की ती तोडायला कायद्याने बंदी. खारफुटी वाचलीच पाहिजे. तरी भाताचे शेत वन झाले की त्याच्या मालकाने काय म्हणायचे, यासाठी आपल्याकडे शब्द नाही.

शब्दांविषयी एक गोष्ट जरा तिखट बोलते. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे आपण दोन्ही बाजूंनी शब्दांवर पुष्कळ हक्क सांगितले. हा कोकणी, हा मराठी, हा आमच्यातून तुमच्यात गेलेला. मानस, पोंय, सुकती या शब्दांसाठी कोणी भांडल्याचे मला आठवत नाही. बा. भ. बोरकर जुवारीकाठच्या बोरीचे, दोन्ही भाषांत लिहिणारे. त्यांच्यामागून आम्ही अभ्यासक आलो आणि नदीच्या सौंदर्यावर लेख लिहिले; नदी अडवून ज्यांनी भात पिकवले त्यांची शब्दसंपत्ती आमच्या तळटीपांतही आली नाही. फोंडा तालुक्यात खाजनकाठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून पुजतात. ‘माणगें थापणी’ म्हणतात. लोकसंस्कृतीच्या पेपरात ती आम्ही विधी म्हणून शिकवतो. तो विधी बांधापाशी होतो, आणि बांध म्हणजे काय, हे मात्र शिकवत नाही.

यंदा मी प्रथम वर्षाच्या मुलांना निबंधाऐवजी घरातल्या मोठ्या माणसाकडून पाण्याशी संबंधित दहा शब्द आणायला सांगितले. निम्म्या मुलांनी इंटरनेटवरून उतरवून आणले. काणकोणच्या एका मुलीने आजीकडून तेवीस आणले. त्यातले सात मला माहीत नव्हते. तिच्या वहीत मी लाल पेन वापरले नाही, शिसपेन वापरले. एवढाच बदल माझ्या अधिकारात होता.

त्या मुलाचा शोध घेतला. त्याच्या वर्गमैत्रिणीकडून नंबर मिळाला. आता तो वेर्णे येथे एका कारखान्यात आहे, लग्न झाले आहे. मी सगळे सांगितले, चुकले म्हटले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “बाई, मला तो गुण आठवतसुद्धा नाही. मानस आठवते. ती अजून तशीच आहे.” बाबा गेल्या वर्षी वारले, शेवटपर्यंत बांधावर जाऊन बघून यायचे, असेही म्हणाला. मग त्याने विचारले, तुम्ही पेपरात लिहिता ना? मी म्हटले, पेपरात नाही, पण एका व्याख्यानात बोलणार आहे.

“मग नाव सांगा तिचे,” तो म्हणाला. त्यांच्या मानशीला नाव आहे, हे मला तेव्हा कळले. आज इथे ते घेत नाही, त्या जमिनीचा दावा चालू आहे. पण वहीत लिहून ठेवले आहे, ऱ्हस्व-दीर्घ त्यालाच विचारून.