ओट्याची उंची कोण ठरवतं?

(रत्नागिरीत बचत गटांतल्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण)



आजचा विषय ऐकून माझ्या एका कार्यकर्त्या मैत्रिणीने नाक मुरडलं. "बायकांना स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं सोडून तू त्यांना किचन ट्रॉल्या कशा निवडायच्या ते सांगणार?" तिचा राग मला कळतो. पण जिथे बाई रोज उभी असते त्या जागेबद्दल बोलायचंच नाही, हेही मला पटत नाही.

२०१९ साली केंद्र सरकारने देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते, पुरुषांचे ९७. आणि ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीसच होते! २०२४ साली पुन्हा पाहणी झाली. बायका २८९, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली आणि त्यांची नऊ.

पाच तास काम होतं ती जागा म्हणजे कामाचं ठिकाण. कारखान्यात हवा, उजेड, यंत्राभोवतीचं कुंपण पाहायला निरीक्षक येतो. आपल्या ओट्याची उंची ठरवायला कोण येतं? मिस्त्री येतो, तो पुरुष. त्याच्याशी बोलतो तो घरातला कर्ता, तोही पुरुष. आपल्या जिल्ह्यात तर कर्ता बऱ्याचदा मुंबईत असतो. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक बायका होत्या, ते का, हे तुम्हाला सांगायला नको. गणपतीला चार दिवस चाकरमानी येतो, सुताराला बोलावतो, फोनवर चित्रं दाखवतो, विसार देतो आणि परत जातो. वर्षभर त्या कपाटांशी झगडते ती बाई.

मिस्त्री ओटा साधारण तेहेतीस-चौतीस इंचांचा करतो. 'सगळीकडे असाच असतो' म्हणतो. पण पाच फुटांच्या बाईने त्यावर शेगडी ठेवली आणि शेगडीवर भाताचा टोप चढवला, की ढवळताना तिचा खांदा कानाला लागतो. आमच्याकडे खांदेदुखी, मानदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका मलम मागतात, ओट्याबद्दल कोणी बोलत नाही. माप घेण्याची रीत सोपी आहे. अनवाणी उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा. कोपरापासून चार ते सहा इंच खाली चिरण्या-मळण्याचा ओटा. शेगडीची बाजू त्याहूनही तीन-चार इंच खाली, कारण शेगडीची स्वतःची उंची असते. ओटा दोन पातळ्यांचा करायला मिस्त्री कुरकुरतो. कुरकुरू दे. सासू-सून दोघी रांधत असतील तर दोघींची मापं घ्या. जी विळीवर बसूनच चिरते तिच्यासाठी खाली बसायची जागा मोकळी ठेवा. कपाटांनी सगळी जमीन अडवली की म्हातारीचं काम सुटतं आणि मग 'तिला आता काही जमत नाही' असं म्हणायला आपण मोकळ्या.

आता कपाटं. दुकानातल्या वहीतली चित्रं शहरातल्या कोरड्या हवेतली असतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खारा वारा. आणि भरायचं काय? तांदूळ, कुळीथ, कडवे वाल, आमसुलं, आंबोशी, फणसपोळी, सुकट, सोडे. चित्रातल्या कपाटात सहा कप आणि एक फुलदाणी असते. म्हणून आधी सामान जमिनीवर मांडा, मोजा. सर्वांत मोठा टोप, परात, पाटा-वरवंटा, सणाची भांडी कुठे जाणार ते ठरवा, मगच सुताराला हाक मारा.

जुन्या घरांत जाळीचं कपाट असायचं, पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्या चढत नसत, वारा खेळत राही. त्यामागे कोणा तरी बाईचं डोकं नक्की होतं, नाव अर्थात कुठे नाही. आताच्या गुळगुळीत बंद कपाटात श्रावणापर्यंत सुकटीचा वास आणि पोह्यांना बुरशी. निदान बेगमीच्या कपाटाला जाळीची दारं मागा.

प्लाय घेणार असाल तर 'मरीन आहे हो' या शब्दावर जाऊ नका, फळीवर आयएस ७१० चा छाप पाहा. कापलेल्या कडा बंद करून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. स्टीलच्या ट्रॉल्यांत २०२ आणि ३०४ असे दोन प्रकार येतात. खाऱ्या हवेत २०२ लवकर गंजतं. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, दोन्हीला ते चिकटत नाही. तेव्हा बिलावर आकडा लिहून मागा. सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर दाराला अगदी तळाशी भोकं हवीत. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. पाणी ओसरल्यावर घरांतून फुगलेल्या प्लायचे ढीग बाहेर पडले. भिंतीत बसवलेल्या कडप्प्याच्या फळ्या धुऊन पुन्हा वापरात आल्या. नदीकाठच्या मैत्रिणींनी ओट्याखाली कडप्पाच घालावा असं माझं मत आहे. दिसायला तो जुनाट वाटतो, पण हप्ते फेडताना दिसण्याचा उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईने स्वयंपाकघर आखलं. पावलं मोजून, हाताच्या अंतरावर सगळं. अशी सुमारे दहा हजार घरं सजली. आजच्या ट्रॉल्यांची ती आजीच. बाईंनी पुढे सांगून टाकलं की आखणी केली तेव्हा त्यांनी कधी स्वयंपाक केलाच नव्हता! बाईचे श्रम वाचावेत हा हेतू खरा, पण जागा इतकी अरुंद की एकटीच मावायची. नवऱ्याला, मुलाला आत यायला वावच नाही. आपण आखताना निदान दोन माणसं एकमेकांना धक्का न लागता उभी राहतील एवढं पाहावं. डब्यांवर नावं लिहावीत. 'मला काय कुठे आहे ते सापडत नाही' ही सबब तेवढीच कमी.

आता ज्यासाठी मी खरं तर हा विषय घेतला ते सांगते. नाव-गाव सांगत नाही. एका बाईने गटातून कर्ज काढून स्वयंपाकघर केलं. हप्ते तिने काजू सोलून फेडले. घर सासूच्या नावावर, दुकानाचं बिल नवऱ्याच्या नावावर, सुताराला रोख पैसे, कागद नाही. भांडण विकोपाला गेलं आणि तिला बाहेर काढलं. ती म्हणाली, "ताई, ओटा माझा आहे." पण भिंतीत ठोकलेला ओटा उचलून आणता येतो का? पुरावा एकच होता, गटाची वही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. त्या आधाराने ती घरात परत गेली. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलं, की नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत बायकोच्या घरकामाचाही वाटा असतो. निकाल मोलाचा, पण आपल्या राज्यातल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही.

तेव्हा पैसे तुमचे असतील तर बिल तुमच्या नावाने करा. सुताराकडून साध्या कागदावर का होईना, पावती घ्या, पैसे खात्यातून द्या. गटाच्या ठरावात कर्ज कशासाठी ते स्पष्ट लिहा. आणि नवऱ्याला ट्रॉल्यांचा रंग कोणता हे विचारण्याआधी घरावर माझं नाव कधी लागणार ते विचारा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये दोघांची नावं लावता येतात. शहरात नवं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आपल्या सरकारने १ एप्रिल २०२१ पासून दिली.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा उतारा आणावा. वाचता येत नसेल तरी आणा, आपण एकत्र बसून वाचू. आणि शिवणाची टेप मी आणली आहे, चहा होईपर्यंत ज्यांना कोपराचं माप घ्यायचं असेल त्यांनी चपला काढून इकडे या.