दर उतरले, कर चढला



माझ्या नोकरीची बरीच वर्षं पगारपत्रकं करण्यात गेली. फेब्रुवारी महिना आला की आमच्या टेबलाला कोणी चहासुद्धा विचारत नसे. वर्षभराचा राहिलेला आयकर त्या एका पगारातून कापला जायचा आणि लोक पगाराची चिठ्ठी हातात घेऊन समोर उभे राहायचे, जणू कर आम्हीच बसवला. त्यात एक वरिष्ठ कर्मचारी होते. महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली की ते कागदावर दोन आकडे मांडत, मिळाले किती आणि कापले किती. एकदा म्हणाले, "रावसाहेब, महागाई वाढली म्हणून सरकारने भत्ता दिला. म्हणजे माझं खरं उत्पन्न वाढलेलं नाही, हे सरकारलाच मान्य आहे. मग या भत्त्यावर तीस टक्के कर कशाचा?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आज त्या प्रश्नाविषयीच बोलायचं आहे.

आयकर कमी करा, ही मध्यमवर्गाची जुनी मागणी. आपण ती मागतो तेव्हा मनात असतो तो दर. आणि दर उतरले आहेत, हे मान्य केलं पाहिजे. १९७३-७४ साली सर्वांत वरच्या टप्प्यावरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. तो अर्थात मोठ्या धनिकांसाठी. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी वरचा दर ५० टक्क्यांवर आणला आणि १९९७ मध्ये चिदंबरम यांनी १०, २० आणि ३० असे तीनच दर ठेवले. त्या अर्थसंकल्पाचं केवढं कौतुक झालं! पण ३० टक्के कुठून सुरू होत होते? वर्षाला दीड लाखाच्या करपात्र उत्पन्नावर. म्हणजे महिना साडेबारा हजार. ही मर्यादा २००५ पर्यंत तिथेच राहिली. भाव वाढले, भत्ते वाढले, आणि आमच्या त्या कर्मचाऱ्यासारखी माणसं एकेक करून त्या रेषेपलीकडे गेली. धनिकांचा म्हणून ठेवलेला दर त्यांना लागू झाला, ते श्रीमंत न होताच.

मेख आहे ती इथे. दर जाहीर होतो, त्याची बातमी होते. मर्यादा गोठलेली राहते, त्याची बातमी होत नाही.

थोडा हिशेब करू. आकडे कानांनी ऐकायला जड जातात, पण हे सोपे आहेत. २०१२-१३ मध्ये एखाद्याचं करपात्र उत्पन्न ९ लाख होतं असं धरा. उपकर बाजूला ठेवला तर त्याला १ लाख १० हजार कर बसत होता, म्हणजे उत्पन्नाच्या सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास. आता आयकर खात्याचाच एक महागाई निर्देशांक आहे. घर, जमीन विकल्यावरचा नफा मोजताना जुनी किंमत आजच्या भावात आणण्यासाठी तो वापरला जातो. २०१२-१३ मध्ये तो २०० होता, २०२०-२१ मध्ये ३०१ झाला. दीडपट. म्हणजे त्या माणसाचे ९ लाख साडेतेरा लाख झाले, तरच तो होता तिथे राहिला. जुन्या करपद्धतीने २०२०-२१ मध्ये साडेतेरा लाखांवर कर येतो २ लाख १७ हजार ५००. सोळा टक्क्यांच्या वर! मधल्या काळात, २०१७ मध्ये, पहिल्या टप्प्याचा दर १० वरून ५ टक्के केला होता. तरीही हे झालं, कारण ३० टक्क्यांची रेषा १० लाखांवरच उभी होती. भविष्य निर्वाह निधी, विमा, मुलांची फी यांसाठीची वजावटसुद्धा २०१४ पासून दीड लाखाची दीड लाखच राहिली. शाळांच्या फीला हे कोणी कळवलं नाही.

मग २०२५ चा अर्थसंकल्प आला. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे पावणेतेरा लाखांपर्यंत. सरकारने सुमारे एक लाख कोटींचं उत्पन्न त्यासाठी सोडलं. हा दिलासा खरा आहे, तो नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. ३० टक्क्यांची रेषा २४ लाखांवर गेली, महागाईच्या मानाने ती १९ लाखांच्या आत असती तरी पुरलं असतं. पण पहिली मर्यादा पाहा. २०१४ मध्ये ती अडीच लाख होती. खात्याच्या त्याच निर्देशांकाने तिचे २०२५-२६ मध्ये ३ लाख ९२ हजार होतात. नव्या पद्धतीत दिले ४ लाख. अकरा वर्षांनी जवळजवळ जिथल्या तिथे! त्यातही तो निर्देशांक महागाईच्या वाढीचा पंचाहत्तर टक्केच भाग धरतो. जुन्या पद्धतीत राहणाऱ्याला तर अडीच लाख आणि दहा लाख याच रेषा.

अमेरिकेत १९८५ पासून कराचे टप्पे महागाईला बांधलेले आहेत, ते दरवर्षी आपोआप सरकतात. आपल्याकडे महागाई भत्ता निर्देशांकाला बांधता येतो, तर त्या भत्त्यावरच्या कराची मर्यादा का नाही? माझ्या मते, बांधली की अर्थमंत्र्यांच्या हातातली भेटवस्तू जाते. काही वर्षं न बोलता घेत राहायचं आणि एखाद्या फेब्रुवारीत त्यातलं थोडं परत देऊन बाकं वाजवून घ्यायची, ही सोय कुठलाच पक्ष सहजासहजी सोडणार नाही.

एक आक्षेप मला रास्त वाटतो. आमची भाजीवाली आयकर भरत नाही, पण साबणावरचा वस्तू आणि सेवा कर तिला चुकत नाही. आयकराच्या सवलतीतून तिला काहीच मिळत नाही. म्हणूनच दर आणखी उतरवा, असं मी म्हणत नाही. कर किती घ्यायचा ते संसदेने मतदान करून ठरवावं, महागाईने परस्पर ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या घरी जुना फॉर्म सोळा असेल, तर या आठवड्यात काढा. दहा वर्षांपूर्वीचा एक आणि गेल्या वर्षीचा एक. कराला करपात्र उत्पन्नाने भागा, शंभराने गुणा. दोन टक्केवाऱ्या शेजारी लिहा, आणि त्यांच्या खाली त्या दोन वर्षांचं घराचं वाणसामानाचं बिल. आमचे ते सहकारी असंच करत. निवृत्तीच्या दिवशी तो कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "रावसाहेब, बेरीज तपासून ठेवा." बेरीज बरोबर होती.