एकांताची संगत
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



संयोजकांनी ‘सामूहिक ध्यान’ हा विषय सुचविला, तेव्हा या दोन शब्दांत थोडा विसंवाद आहे असे प्रथम वाटले. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला एकांतात, एकट्याने बसावयास सांगितले आहे. मन ज्याचे त्यालाच आवरावे लागते; शेजाऱ्याची एकाग्रता काही उसनी मिळत नाही. मग पन्नास जणांनी एकत्र डोळे मिटून अधिक ते काय साधणार?

या शंकेचे उत्तर मला त्याच अध्यायावरील ज्ञानेश्वरीत सापडले. साधनेची जागा कशी असावी, याचे ज्ञानदेवांनी केलेले वर्णन अनेकांच्या परिचयाचे आहे. त्यात ते एक गोष्ट आवर्जून सांगतात: ते स्थान साधकांनी वसलेले असावे, मात्र लोकांच्या पायांची वर्दळ तेथे नसावी. म्हणजे त्यांना वर्दळ नको आहे, सोबत चालणार आहे. नव्हे, ती हवीच आहे. गर्दी निराळी आणि संगत निराळी, हे त्यांनी किती सहजपणे सांगून टाकले!

आधुनिक काळात हा विवेक प्रत्यक्ष व्यवस्थेत उतरलेला पाहावयाचा असेल तर इगतपुरीच्या धम्मगिरीकडे पाहावे. सत्यनारायण गोयंका यांचा जन्म म्यानमारमधला. तेथे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकून ते १९६९ साली भारतात आले आणि पुढे इगतपुरीचे केंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात साधक आर्यमौन पाळतात. बराचसा वेळ आपल्या खोलीत किंवा शून्यागारात, म्हणजे लहानशा एकांत कोठडीत, बसण्याची मुभा असते. परंतु दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी एक तास, सर्वांनी सभागृहात एकत्र बसावयाचेच असते. शिबिर संपल्यावरही सकाळ-संध्याकाळ घरी एकट्याने साधना करावी आणि शक्य तेथे आठवड्यातून एकदा इतरांबरोबर बसावे, असे सांगितले जाते. एकांत आणि संगत यांची अशी वाटणी केलेली आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते.

त्या सामूहिक तासात घडते काय? शिबिराच्या उत्तरार्धात या तासाला ‘अधिष्ठान’ म्हणतात. आसन न मोडण्याचा तो निश्चय असतो. घरी पाय दुखू लागला की माणूस उठतो. उठण्याचे कारण मन इतक्या तत्परतेने शोधून देते की ते कारण आहे हेही कळत नाही. कुकरची शिट्टी पुरते. सभागृहात मात्र पुढचा स्थिर असतो, डावीकडचा स्थिर असतो, आणि आपण आणखी पाच मिनिटे थांबतो. त्या पाच मिनिटांत वेदना वाढते, पालटते, कधी विरूनही जाते. ती अशी येते-जाते हे एरवी केवळ ऐकलेले असते. येथे ते स्वतःच्या शरीरावर अनुभवास येते. हा लाभ ज्याचा त्याचाच, पण तेथवर टिकून राहण्याचे बळ शेजाऱ्यांनी दिलेले असते, तेही त्यांच्या नकळत.

दुसरा लाभ अधिक सूक्ष्म आहे. एकट्याची साधना फार लवकर ‘माझी साधना’ होते. रांगेत बसलेल्याला हे मोठेपण मिळत नाही. आपल्यासारखेच इतरही झगडत आहेत, एवढे उमगले तरी अहंकाराचा पीळ सैल होतो.

आणि तिसरी गोष्ट निर्भयतेची. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचे शिबिर झाले. १९९४ साली दिल्लीच्या तिहारमध्ये तर सुमारे हजार बंदी एकाच शिबिरात बसले. जेथे पाठ फिरवतानाही माणूस सावध असतो, तेथे इतक्या जणांत डोळे मिटून बसणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. डोळे मिटताना माणूस भोवतालच्यांवर विश्वास टाकत असतो.

सामूहिकतेत धोके नाहीत असे नाही. देखावा होतो, तुलना होते, समूहाच्या भारावलेपणालाच साक्षात्कार समजले जाते. कोणी लहरींची आणि कंपनांची भाषा करू लागले की मी जरा मागे सरकून बसतो. इतक्या साध्या गोष्टीला ते अलंकार कशाला?

आता आपल्या शाळेविषयी. परिपाठात प्रार्थनेनंतर पाच मिनिटे मौन पाळण्याची आपली प्रथा बंद करून तो वेळ गणिताच्या सरावाला द्यावा, अशी काही पालकांची लेखी सूचना व्यवस्थापनाकडे आली आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालविताना पटसंख्येची चिंता असते, स्पर्धेची असते. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे. तरीही मी तिच्या विरुद्ध आहे. आपल्या मुलांना एकत्र ओरडण्याच्या, एकत्र धावण्याच्या, एकमेकांशी गुण ताडून पाहण्याच्या संधी भरपूर मिळतात. एकत्र शांत बसण्याची ही एवढीच एक मिळते. त्या पाच मिनिटांत पहिला नंबर कोणाचाच नसतो. घरी हिंदी बोलणारे, मराठी बोलणारे, अभ्यासात मागे पडलेले, सारे तेथे सारखेच असतात. मुले चुळबुळ करतात, एखादे फिसकन हसते, ते होणारच.

निर्णय पालकसभेत व्हावयाचा आहे. त्यापूर्वी सूचना करणाऱ्यांनी आणि इतरांनीही एका सकाळी परिपाठाला यावे आणि मुलांच्या मागच्या रांगेत ती पाच मिनिटे बसावे, अशी माझी विनंती आहे. मुख्याध्यापकांनी त्यास अनुमती दिली आहे. सतरंज्या पुरेशा आहेत. ज्यांना खाली बसणे जमत नाही त्यांच्यासाठी बाके ठेवली जातील.