रंगरुटाचा ताप

घरातला मुलगा फौजेत भरती होतो तेव्हा आईवडिलांच्या डोळ्यांपुढे सीमा असते, बर्फ असतो, गोळीबार असतो. पण काळजीचं पहिलं निमित्त त्याच्या कितीतरी आधी येतं. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात, नाशिक रोडला तोफखाना केंद्रात किंवा खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये जाऊन पोराला तीन आठवडे होत नाहीत, तोच फोनवर त्याचा बसलेला आवाज ऐकू येतो. खोकला आहे, अंगात कसकस आहे, आणि तो म्हणतो, काही नाही, बरा आहे. घरच्यांना काळजी वाटते आणि त्या काळजीची थोडी लाजही वाटते. फौजीच्या घरानं एवढ्याशा तापाला घाबरायचं का? माझं म्हणणं असं की ही काळजी रास्त आहे. प्रशिक्षणातलं आजारपण पोराच्या कच्चेपणाचा पुरावा नसतं आणि नशिबाचा खेळही नसतं. ते कोणत्या आठवड्यांत येणार, कशामुळे येणार आणि कशानं टळणार, हे पुष्कळसं आधी सांगता येतं. आणि जे आधी सांगता येतं त्याचा जाब वरिष्ठांनी द्यायचा असतो, आजारी पडलेल्या पोरानं नव्हे.

याची फार तपशीलवार नोंद अमेरिकी सैन्याकडे आहे. १९५३-५४च्या सुमारास मिसुरी राज्यातल्या फोर्ट लिओनार्ड वूड या तळावर तापानं आणि घशानं आजारी पडलेल्या रंगरुटांमध्ये एक नवा विषाणू सापडला. पुढे त्याला अॅडिनोव्हायरस हे नाव मिळालं. त्याचे चौथा आणि सातवा हे दोन प्रकार प्रशिक्षण छावण्यांत ठाण मांडून बसले होते. साथीच्या दिवसांत शंभरातल्या ऐंशी रंगरुटांपर्यंत तो पोचे आणि वीसेक जणांना रुग्णालयात दाखल करावं लागे. एकेक तुकडी अशी आडवी झाल्यावर सैन्यानं लस तयार करून घेतली आणि १९७१पासून ती सरसकट देणं सुरू केलं. लस म्हणजे गिळायच्या दोन गोळ्या, प्रत्येक प्रकारासाठी एक. आवरणामुळे गोळी जठरात विरघळत नाही, आतड्यात जाऊन उघडते. तिथे जिवंत विषाणू आजार न करता शरीराला ओळख देऊन जातो. या गोळ्यांमुळे तो ताप छावण्यांतून जवळजवळ हद्दपार झाला. मग जे घडलं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. लस बनवणारा कारखाना एकच होता. त्याच्या नूतनीकरणाचा खर्च कोणी उचलायचा हे ठरेना, आणि १९९६मध्ये उत्पादन थांबलं. उरलासुरला साठा १९९९मध्ये संपला. ताप परत आला. २०००मध्ये इलिनॉय राज्यातल्या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातले दोन धडधाकट तरुण या विषाणूनं दगावले, आणि १९९९ ते २०१० या काळात सैन्यात अशा आठ मृत्यूंची नोंद झाली. २०११च्या अखेरीस गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा या विषाणूचे रुग्ण सुमारे शंभर पटींनी घटले. वर्षाला तेरा हजारांच्या आसपास तापाचे रुग्ण टळले, असा सैन्याच्याच संशोधकांचा अंदाज आहे. मधल्या बारा वर्षांत मुलं काही नाजूक झाली नव्हती. छावण्या त्याच होत्या, कवायतही तीच होती. दोन गोळ्या तेवढ्या नव्हत्या.

यावर कोणी म्हणेल, तो विषाणू त्यांच्या छावण्यांतला, त्याचा आपल्याशी काय संबंध? जंतू देशोदेशी वेगळे असतील, पण त्यांना मिळणारी संधी सगळीकडे सारखी असते. वीस जिल्ह्यांतली पोरं वीस ठिकाणचे जंतू घेऊन एका बराकीत येतात. खाटेला खाट लागलेली, झोप अपुरी, अंग दिवसभर राबलेलं. अशा वेळी एकाचा खोकला आठवड्यात सगळ्यांचा होतो. गावाकडचं पोर काटक असतं, त्याला काही होत नाही, हा आपला लाडका समज इथे उपयोगाचा नाही. १८६०च्या दशकातल्या अमेरिकी यादवी युद्धात गोवरानं जास्त गाठलं ते दूरदूरच्या शेतवस्त्यांवरून आलेल्या दणकट तरुणांना, कारण शहरातल्या मुलांना तो लहानपणीच होऊन गेला होता. दंड कितीही भरलेला असो, ज्या जंतूशी कधी गाठ पडली नाही त्याच्यापुढे त्याचं काही चालत नाही.

उन्हाचंही असंच आहे. साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर, जिथे अमेरिकी मरीन सैनिक घडतात, तिथली हवा आपल्या कोकणासारखी दमट. १९५०च्या दशकात अशा तळांवर उष्माघातानं पोरं पडू लागली, तेव्हा नुसत्या तापमापीवर न विसंबता ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक, काळ्या गोळ्यातला तापमापक आणि साधा तापमापक असे तिन्ही आकडे एकत्र धरून एक निर्देशांक काढण्यात आला. त्यात सत्तर टक्के वजन ओल्या तापमापकाला, कारण घाम सुकतो की नाही यावरच शरीराचं थंड होणं अवलंबून असतं. निर्देशांक चढेल तसे हिरवा, पिवळा, लाल आणि काळा असे झेंडे लागतात. नव्वद अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे बत्तीस अंश सेल्सियसच्या वर काळा झेंडा चढला की जोराची कसरत बंद. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, हेही हिशेबात धरलं जाऊ लागलं. याचा एक धागा थेट आपल्या गडचिरोली-नंदुरबारपर्यंत येतो. तिथल्या आदिवासी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक बरेच आहेत. ते स्वतः आजारी नसतात, पण त्यांच्या रक्तात त्याचा गुण असतो. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की अमेरिकी कृष्णवर्णीय रंगरुटांपैकी अशा वाहकांना प्रशिक्षणात अचानक मृत्यू येण्याचा धोका वाहक नसलेल्यांच्या तुलनेत पंचवीस पटींहून अधिक आहे. त्यानंतर पाणी, विश्रांती आणि हळूहळू वाढवलेले श्रम यांचे नियम कडक झाले. २०१६मध्ये सुमारे अठ्ठेचाळीस हजार सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तर वाहकांमध्ये मृत्यूचा धोका जास्त दिसला नाही. श्रमानं स्नायू विरघळण्याचा धोका मात्र थोडा अधिक राहिला. या नियमांनीच सगळं साधलं असं एका तुलनेवरून ठामपणे म्हणता येत नाही. पण रक्तातला गुण तोच राहूनही जीव वाचू शकतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. युद्ध काही झेंडा बघून थांबत नाही, मग पोरांना एवढं जपून सैनिक कसा घडणार? आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्यात तथ्यही आहे. सैनिकाला सोसता आलंच पाहिजे. पण सोसण्याची ताकद येते ती पायरीपायरीनं वाढवलेल्या श्रमांतून. ताप असताना पाच किलोमीटर धावून कोणाची छाती भरत नाही. उलट आजारी अंगानं केलेली जोराची धाव हे उष्माघाताचं एक ठळक कारण आहे. गोळ्या आणि झेंडे कोण्या हळव्या मंडळींनी सैन्यावर लादलेले नाहीत. लढायला माणसं उभी राहावीत म्हणून सैन्यानंच ते करून घेतले. दुसरा आक्षेप उस्तादांचा, म्हणजे प्रशिक्षकांचा असतो, की आजारी असल्याचं सांगून सिक रिपोर्टवर जाणाऱ्यांत सोंगं करणारे असतात. असतातच. पण सोंग डॉक्टरला तपासणीत बहुधा कळतं. न सांगितलेला ताप मात्र कोणालाच कळत नाही, तो मैदानावर पोर कोसळलं की कळतो.

तो सांगितला का जात नाही, याचा विचार केला की बोट आपल्याकडेही वळतं. प्रशिक्षणाचे दिवस बुडाले तर मागच्या तुकडीत जावं लागेल, सोबतची पोरं शपथेची कसम परेड करून पुढे जातील, ही धास्ती रंगरुटाला असतेच. २०२२मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांनाच कायम ठेवण्याची तरतूद आहे, त्यामुळे एमआय रूमची, म्हणजे छावणीतल्या दवाखान्याची, पायरी चढताना पोर दहादा विचार करत असणार. त्यात आपण निरोप देताना काय बजावतो? कितीही त्रास झाला तरी मागे फिरू नकोस. या वाक्यामागे भरतीसाठी पहाटे चारला उठून धावलेली वर्षं असतात, अकादमीची फी असते, गावाची नजर असते, हे मी जाणतो. पण पोराच्या कानात त्याचा अर्थ ‘आजार लपव’ असा होतो. केंद्रांनी आजारपणाचे दिवस शिक्षेसारखे वाटणार नाहीत अशी तजवीज करावी, उन्हाचा निर्देशांक आणि कोणत्या लसी दिल्या हे पालकांना मोकळेपणानं सांगावं, ही मागणी आपण जरूर करू. तोवर रविवारी फोन आला की ‘जेवलास का’ याच्या पाठोपाठ ‘ताप आला होता का, आणि उस्तादांना सांगितलंस का’ हेही विचारा. तो मागच्या तुकडीत गेला म्हणून घरात कोणी नाराज होणार नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि ते तो आजारी पडायच्या आधी ऐकू द्या.