पुढचे शिक्षण : आधी काय, मग कुठे



दहावी-बारावीचे निकाल लागले की गावात एकाच वेळी दोन धांदली सुरू होतात. एक पेरणीची, दुसरी प्रवेशाची. पेरणीच्या बाबतीत आपण मोठे सावध असतो. रान कसलं आहे, बियाणं कुठलं आणायचं, पाणी किती पुरेल, याचा हिशेब उन्हाळ्यातच झालेला असतो. पण मुलाच्या शिक्षणाचा हिशेब आपण निकाल हाती पडल्यावर चार दिवसांत उरकतो. त्यातही पहिला प्रश्न असतो, "पोराला कुठं घालू?" काय शिकवू, हे कुणी विचारीत नाही.

मी एका तालुक्याच्या गावी पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. आज तुम्हाला जे सांगणार आहे ते एका चुकीतून शिकलो, आणि ती चूक माझी आहे.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. दहावीला पंच्याऐंशी टक्के गुण. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन. विहिरीवरची मोटर बिघडली की आसपासचे लोक या पोरालाच हाक मारीत. निकालानंतर वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, पोरगं हुशार आहे. डॉक्टर करावं म्हणतो. तुमचं काय म्हणणं?" मी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणालो, "खुशाल करा." मुलगा शेजारीच उभा होता. त्याला मी एक शब्दही विचारला नाही.

त्याने शास्त्र शाखा घेतली, आणि डॉक्टरच व्हायचे म्हणून गणित सोडून दिले. शहरातल्या शिकवणीपायी वडिलांनी एक एकर विकला. नीटची परीक्षा तीनदा झाली, तीनदा नंबर लागला नाही. मग मुलगा म्हणाला, "मला इंजिनिअरिंगला जायचंय." पण गणित कुठे होतं? तो दरवाजा आम्हीच लावून घेतला होता. शेवटी त्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतले आणि मोटर रिवाइंडिंगचे दुकान काढले. धंदा बरा चालतो. पण एकदा मला म्हणाला, "सर, दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाता येतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!" सांगायचं काम माझं होतं.

डॉक्टर होण्याची इच्छा वाईट नव्हे. पण आकडे पाहा. २०२४ साली नीटला देशभर २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. तेव्हा दुसरी वाट आधीच पाहून ठेवलेली बरी.

म्हणून पहिली गोष्ट ही, की निवड बारावीनंतर होत नाही. ती दहावीनंतरच सुरू होते. शास्त्र शाखेतून पुढे कला किंवा वाणिज्य शाखेकडे वळता येते, पण तिकडून शास्त्राकडे येता येत नाही. डॉक्टरकीला जीवशास्त्र हवे, अभियांत्रिकीला गणित हवे. कृषी पदवीला आणि फार्मसीला दोन्ही गट चालतात. वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर घेता येतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका घेतली, तर पुढे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आणि ज्याला तहसीलदार व्हायचे आहे, त्याला राज्यसेवा परीक्षेसाठी कोणत्याही शाखेची पदवी पुरते. त्यासाठी नावडते शास्त्र गळ्यात बांधून घेण्याचे कारण नाही.

आता मुलाला विचारायचे कसे? "तुला कोण व्हायचंय?" असे विचारू नका. त्याने जे पाहिले असेल तेच तो सांगेल. शिक्षक, फौजदार, डॉक्टर, कलेक्टर. त्यापेक्षा विचारा, कोणत्या विषयाचा अभ्यास तू न सांगता करतोस? कशात वेळ कसा गेला ते कळत नाही? कोणता विषय पुढ्यात आला की पोटात गोळा येतो? आणि उत्तर येईस्तोवर गप्प बसा. हे आपल्याला फार अवघड जाते, पण बसा. मग सुट्टीत त्याला त्या कामातल्या माणसाकडे दोन दिवस पाठवा. परिचारिका व्हायचे म्हणणाऱ्या मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांशी बोलू द्या. काम जवळून पाहिले की निम्मे भ्रम आपोआप गळतात, आणि उरते ती खरी आवड.

काय शिकायचे हे ठरल्यावर मग कुठे, हा प्रश्न घ्या. विद्यापीठाच्या नावाने पुष्कळ पालक भारावून जातात. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली शेकडो महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. म्हणजे शहरातल्या कॉलेजात बी.ए. झालेल्याला आणि तालुक्याच्या संलग्न कॉलेजात बी.ए. झालेल्याला पदवी एकाच विद्यापीठाची मिळते. स्वायत्त महाविद्यालये तेवढी आपला अभ्यासक्रम आपण आखतात. तेव्हा पाहायचे ते कॉलेज. जाहिरात वाचून ते कळत नाही. एक दिवस एसटीने जाऊन या. त्या विषयाला कायमचे प्राध्यापक किती आहेत? प्रयोगशाळेला कुलूप आहे का? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, "तास होतात का रे?" तो खरे सांगतो.

कृषी पदवीसाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्या राज्यात आहेत. ज्याला घर सोडता येत नाही, त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. आणि सावध राहा. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग प्रसिद्ध करतो. फार्मसीला फार्मसी कौन्सिलची मान्यता लागते, नर्सिंगला नर्सिंग कौन्सिलची. ती पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

पैशाचे बोलू. फी विचाराल तेव्हा सगळ्या वर्षांची विचारा. वसतिगृह, खानावळ, पुस्तके, सारे धरून कागदावर मांडा, आणि तो कागद मुलालाही दाखवा. जमिनीला हात लावण्याआधी शिष्यवृत्त्या पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा व शिका हा मार्ग गरिबांच्या मुलांना दाखवला. ही योजना आजही अनेक महाविद्यालयांत आहे. त्यात लाज कसली?

मुलींच्या पालकांनी नीट ऐका. २०२४ साली राज्य शासनाने असा निर्णय केला, की आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींनी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक अभ्यासक्रम घेतला आणि घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असले, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. "मुलीवर एवढा खर्च कशाला?" असे म्हणणाऱ्याला आता हेही कारण उरलेले नाही.

पण सवलत कागदांवर मिळते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता, नॉन क्रिमी लेअर, अधिवास; यांतले जे आपल्याला लागू असेल त्याची तयारी अकरावीपासून करा. जातवैधतेला महिने लागतात, आणि एका कागदापायी हातची जागा जाते. सीईटीचे अर्जही बारावीच्या परीक्षेआधी भरायचे असतात.

आता माझ्या शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. गावात पुष्कळ घरी कॉलेज पाहिलेले कुणी नसते. त्या घराला आपलाच भरवसा असतो. दहावीच्या वर्षी एक संध्याकाळ पालकांना बोलवा, पुढच्या सगळ्या वाटा फळ्यावर लिहा. आणि कुणी गुणपत्रिका पुढे करून सल्ला विचारला, तर आधी शेजारी उभ्या असलेल्या मुलाला विचारा. मी विचारले नव्हते.

इतके करूनही निवड चुकते कधी कधी. चुकली तर मुलाला घालूनपाडून बोलू नका. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय ठेवली आहे. गेलेलं वर्ष भरून काढता येतं, पण खचलेलं पोर उभं करणं कठीण.

तेव्हा आज रात्री जेवणं झाली की मुलाला, मुलीला जवळ बसवा. काही सांगू नका, नुसते विचारा. आणि ऐका.